नारंगी कोन आणि पुढची सीट

तेलीबांधा, रायपूर
१२ जानेवारी २०२५

प्रिय ताईस,
सप्रेम जय भीम.

तू, भाऊजी अन् पोरंसोरं सगळे खुशीत असाल असं धरून चालते. इकडे आम्ही मजेत आहो. बाजारात तिवऱ्याची भाजी यायला लागली, तुमच्या तुमसरकडे जिले लाखोळी म्हणतात तीच. मी आठवड्यात दोनदा करून राहिली.

तू म्हणशील, हातात फोन असून ही बया पत्र काहून लिहिते? तर ऐक. तुले फोन केला की तुझी सून तो स्पीकरवर टाकते, मंग अर्ध्या तुमसरले माझी बातमी कळते. ही बातमी आधी तुलेच सांगायची आहे. बसून वाच.

तुझी धाकटी बहीण गाडीच्या शर्यतीत उतरली आहे.

पाणी पी अन् पुढे वाच. माझा यशदीप नोकरीले हैदराबादले गेला तेव्हा त्याची लहान पांढरी गाडी इथंच राहिली, हे तुले माहीत आहे. माझं ऑफिस नव्या रायपूरले. बस कधी येते अन् कधी जाते ते त्या बसलेच ठाऊक. म्हणून मी मागच्या वर्षी गाडी शिकली. तिकडचे रस्ते असे रुंद अन् मोकळे की बाईमाणसाचा पाय आपोआप जड होते. एक दिवस मी आपल्या पिंकीले सोबत घेऊन गेली. पिंकी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरची, समता कॉलोनीत दाताचा दवाखाना आहे तिचा. घरात मराठी ऐकते अन् उत्तर हिंदीत देते, आजकालचे सगळे पोट्टे तसेच. ती उतरताना म्हणे, "काकी, आप तो उड़ाती हो। संडे को मेरे साथ चलो, एक चीज़ दिखाती हूँ।"

तर ती चीज अशी. नव्या रायपूरच्या पलीकडे एका बंद पडलेल्या कारखान्याचं मोठं सिमेंटचं आवार आहे. मालकाची परवानगी घेऊन ही दहा-पंधरा पोरं रविवारी तिथं जमतात. रस्त्याच्या कामावर ते नारंगी कोन ठेवतात ना, तसे कोन मांडून एक वेडावाकडा रस्ता तयार करतात. एका वेळी एकच गाडी सुटते. शेजारी कोणी नाही, मागं कोणी नाही, शर्यत फक्त घड्याळासोबत. कोन पाडला की वेळ वाढवतात, रस्ता चुकला की ती फेरी बाद. गाडी आपली घरचीच. डोक्यावर हेल्मेट पाहिजे, पट्टा पाहिजे, बस. डॉक्टर आहेत, बँकेतले आहेत, एक साडीचा दुकानदार आहे. कोणी कोणाले हसत नाही. निदान माझी पहिली फेरी होईपर्यंत तरी हसत नव्हते.

हेल्मेटमध्ये माझा अंबाडा मावेना. पिंकीनं तिथंच माझी वेणी घालून दिली, शाळेत तू घालायची तशी घट्ट. मंग मी निघाली. पहिल्या वळणावर सवयीनं इंडिकेटर दिला. दुसऱ्यावर हॉर्न वाजवला. तिसऱ्यावर दोन्ही. काच बंद असूनही मले त्यांचा हसण्याचा आवाज येत होता.

खरी गंमत शेवटी झाली. शेवटच्या पांढऱ्या पट्ट्यापाशी एक पोट्टा काळ्यापांढऱ्या चौकटीची झेंडी घेऊन उभा होता. मी जवळ आली तसा तो ती डोक्यावर जोरजोरानं हलवायला लागला. मी ब्रेकवर उभीच राहिली. गाडी पट्ट्याच्या अलीकडे थांबली. तिकडे घड्याळ चालू, इकडे सगळे ओरडून राहिले, "काकी, आगे! आगे!" मी काच खाली केली अन् त्या पोराले म्हटलं, "अरे, तूच थांबवलं ना?"

तेवढ्यात झाडाखालून आवाज आला, "बरोबर केलं तिनं."

हे होते. मीच सोबत नेलं होतं, घरी बसण्यापेक्षा ऊन तरी खा म्हणून. मागच्या सीटवर बसून आले अन् झाडाखाली खुर्ची टाकून बसले. ते उठून त्या पोराजवळ गेले अन् म्हणाले, "बेटा, झेंडी कोणत्याही रंगाची राहू दे. जोरात हलवली म्हणजे धोका. आम्ही रेल्वेवाले थांबतो." पोरानं कान पकडले. म्हणे, "अंकलजी, अगली बार सीधी पकड़ूँगा।"

बत्तीस वर्षं मालगाडीच्या ड्रायव्हरशी संसार केल्यावर दुसरं काय होणार? झेंडी हलली की माझा पाय आपोआप दाबते.

घरात कोणाले सांगू नको. यशदीपलेही अजून सांगितलं नाही.
यांची तब्येत चांगली आहे. तुले अन् भाऊजींले यांचा जय भीम.

तुझी,
शांता


तेलीबांधा
२६ जानेवारी

प्रिय ताई,
जय भीम.

तुझं पत्र आलं. पहिलं पान शिव्यांचं होतं, ते मी दोनदा वाचलं. इतक्या दिवसांनी तुझ्या हाताच्या शिव्या भेटल्या, बरं वाटलं. "या वयात हाडं मोडून घेशील" असं तू लिहिलं. हाडं मोडायले वेग पाहिजे, ताई. मी अजून दुसऱ्या गिअरच्या वर गेली नाही.

आज सकाळी ऑफिसात झेंडावंदन झालं, बुंदी भेटली अन् आता दुपार मोकळी आहे. तर माझी अडचण सांगते. मले गाडी चालवता येते, रस्ता लक्षात राहत नाही. फेरीच्या आधी सगळे पायी चालून रस्ता पाहून घेतात. चालताना सगळं समजते. गाडीत बसली की समोर नुसते कोनच कोन, जिकडे पाहा तिकडे नारंगी. कोणत्या दोघांच्या मधून जायचं तेच कळत नाही. मागच्या रविवारी माझ्या दोन फेऱ्या बाद झाल्या. एकदा तर मी फिरून फिरून निघाली होती तिथंच परत आली. साडीवाला भैया म्हणे, "काकी ने तो राउंड ट्रिप मार ली।"

घरी आली अन् ठरवलं, पाठ केल्याशिवाय सोडायचं नाही. स्वयंपाकघरात फरशीवर कांदे मांडले. एकेक कांदा म्हणजे एकेक कोन. मधून चमचा फिरवत बसली, हा डावीकडून, हा उजवीकडून. हे पाणी प्यायले आले. उभे राहून पाहिलं. मंग वाकले अन् एक कांदा उचलून हातभर पलीकडे ठेवला.

"हा इथं नव्हता," म्हणाले.

दुसरा सरकवला. तिसरा मी मांडायचीच विसरली होती, तो टोपलीतून काढून ठेवला. मी तोंडाकडे पाहतच राहिली. हा माणूस झाडाखाली खुर्चीवर बसला होता, फक्त पोरांसोबत एक चक्कर पायी मारून आला होता. मी म्हटलं, "तुम्हाले सगळा पाठ आहे?" तर म्हणे, "रस्ताच आहे ना." अन् पाणी पिऊन निघून गेले.

ताई, तुझ्या पत्रात शेवटी एक ओळ होती. "जावई मागच्या सीटवर काहून बसले? पुढे जागा नव्हती का?" तुझी नजर अशीच आहे, लहानपणापासून. मी आधी गुडघ्याचं कारण लिहिलं होतं. तो कागद आताच फाडला. खरं लिहिते.

तुम्हा सगळ्यांले आम्ही सांगितलं होतं की रिटायर व्हायच्या आधी यांले ऑफिसात बढती भेटली. बढती नव्हती. साखरेनं डोळ्याचा पडदा खराब झाला. तपासणीत दूरचं नीट दिसलं नाही अन् इंजिनावरून उतरवलं. नियमच आहे तो, कोणाची चूक नाही. शेवटची दोन वर्षं हे लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर लोक ड्युटीची हजेरी लावतात तिथं, टेबलावर बसले, दुसऱ्या ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावल्या. मोठ्या लाइनवर गाडी घेऊन निघणारा माणूस, ताई. हे म्हणाले, कोणाले सांगू नको, म्हणून मी नाही सांगितलं.

रडले-बिडले नाहीत. फक्त बोलणं बंद झालं. विचारलं तेवढं उत्तर, हो का नाही. अन् तेव्हापासून कोणाच्याही गाडीत पुढे बसत नाहीत. ऑटोत नाही, यशदीपच्या गाडीत नाही. मी एकदाच विचारलं होतं. म्हणाले, "पुढे बसलो की हात ब्रेक शोधते. मागं बरं आहे."

म्हणून मी गाडी शिकली. बसचं कारण खोटं नाही, पण तेवढंच नाही. मले वाटलं होतं, मी चालवीन तेव्हा तरी हे बाजूले बसतील, हे चुकलं ते चुकलं म्हणून माझ्यावर ओरडतील. वर्ष झालं, मागंच बसून राहिले. माझी वाट पाहून संपली होती. अन् मंग त्या दिवशी त्या हललेल्या झेंडीनं यांच्या तोंडून सरळ तीन-चार वाक्यं काढली. तुले मागच्या पत्रात मी हे हसण्यावारी लिहिलं. गाडीतच मले रडू येऊन राहिलं होतं, हेल्मेट होतं म्हणून कोणाले दिसलं नाही.

मागच्या पत्रात शेवटी यांचा जय भीम लिहिला, तोही मी माझ्या मनानंच लिहिला होता. यांले पत्राचं माहीतच नाही.

पुढच्या रविवारी नव्या लोकांची पहिली खरी शर्यत आहे. पिंकी म्हणे, नव्या माणसाले सोबत एक जण बसवता येते, रस्ता सांगायले. मी तिले म्हटलं, माझ्यासोबत लहानू गजभिये बसतील. नाव देऊन आली. यांले अजून विचारलं नाही. विचारलं अन् नाही म्हणाले तर पुन्हा विचारायची हिंमत माझ्यात राहणार नाही.

वेगाची मले हौस नाही, ताई. मले ती पुढची सीट भरलेली पाहिजे.

शांता


तेलीबांधा
३ फेब्रुवारी

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

आज ऑफिसले सुट्टी टाकली, अंग दुखून राहिलं. कोणतं हाड मोडलं नाही, हे आधी लिहून टाकते. आता सविस्तर ऐक.

शनिवारी संध्याकाळी भाजी निवडता निवडता मी सांगितलं, "उद्या तुमचं नाव दिलं आहे." हे म्हणाले, "कायले?" मी म्हटलं, "रस्ता सांगायले. मले पाठ होत नाही." हे उठून गॅलरीत गेले. मी पुढे मेथीच निवडत राहिली. अर्धी जुडी देठासकट टोपल्यात गेली.

रविवारी सकाळी उठून पाहते तर हे अंघोळ करून तयार. इस्त्रीचा शर्ट. अन् ओट्यावर डबा, त्यात दोन भाकरी अन् लसणाची चटणी, यांनीच भरलेला. ड्युटीवर जाताना न्यायचे तसाच. मी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर डबा परत रिकामा झाला असता.

गाडीत मात्र मागंच बसले. माझं मन खट्टू झालं. अख्ख्या रस्त्यात मी आरशात पाहत राहिली अन् हे खिडकीबाहेर.

मैदानावर पोचलो तसे हे उतरून कोनांकडे गेले. एक चक्कर पायी मारली. मंग दुसरी. तिसऱ्या वेळी उलट्या बाजूनं चालत आले. पिंकी म्हणे, "काका, इतना कोई नहीं घूमता।" तर हे म्हणाले, "नवीन सेक्शन आहे. आधी रोड शिकायचा, मंग शिकलो म्हणून सही करायची. सहीशिवाय ड्रायव्हर गाडी नेत नाही." आमच्याकडे तसंच असते, ताई. नव्या लाइनवर ड्रायव्हर आधी नुसता बसून जाते, सिग्नल कुठं, चढ कुठं, वळण कुठं, सगळं डोक्यात भरून घेते. दिसायच्या आधी त्याले माहीत पाहिजे, समोर काय येणार.

आमचा नंबर आला. मी बसली, पट्टा लावला. पुढच्या सीटवर पिंकीनं दुसरं हेल्मेट ठेवलं होतं. हे आले अन् सवयीनं मागचा दरवाजा उघडला. उघडून तसेच उभे राहिले. रांगेतल्या गाड्या वाट पाहून राहिल्या, पण कोणी हॉर्न वाजवला नाही.

मी वळून म्हटलं, "अहो, मले खरंच पाठ नाही. तुम्ही नाही बसले तर मी चुकणार."

हे म्हणाले, "मले दूरचं दिसत नाही, शांता."

"दिसायचं काम माझं. सांगायचं तुमचं."

त्यांनी मागचा दरवाजा लावला. पुढून फिरून आले, हेल्मेट उचललं अन् बसले. पट्टा अडकेना, तर मीच लावून दिला.

पहिली फेरी म्हणजे नुसता तमाशा. गाडी सुटली नाही तोच हे म्हणाले, "ब्रेक." मी ब्रेक मारला. कोन अजून कुठच्या कुठे. पुन्हा गती घेतली, पुन्हा "ब्रेक." तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "अहो, ही मालगाडी आहे का? माझ्यामागं कोळशाचे डबे लावलेत का?" ताई, हे हसले. मोठ्यानं हसले, हेल्मेटमध्ये घुमल्यासारखं. त्या हसण्यात एक कोन आडवा झाला. त्याचं मले काही वाटलं नाही.

दुसऱ्या फेरीआधी हे म्हणाले, "असं नाही चालत. मी म्हणीन ते तू मोठ्यानं परत म्हणायचं. दोघांच्या तोंडून निघालं तरच पक्कं." इंजिनात ड्रायव्हर अन् असिस्टंट असेच सिग्नल म्हणतात. एकानं म्हटलं हिरवा, तर दुसऱ्यानं म्हणायचं हिरवा. लग्नानंतर पहिल्या पहिल्या दिवसांत हे झोपेतही म्हणायचे अन् मी घाबरून उठायची.

तर सुटलो. "डावा." "डावा." "लगेच उजवा." "उजवा." "सरळ, जाऊ दे." "जाऊ दे." दोघं बेंबीच्या देठापासून ओरडून राहिलो. काचा बंद होत्या तरी बाहेर सगळ्यांले ऐकू येत होतं, पिंकीनं नंतर सांगितलं. अर्ध्यावर वळलो अन् समोरून ऊन एकदम डोळ्यांत आलं. मले काहीच दिसेना. नुसता पांढरा उजेड, कोन कुठं अन् मोकळं कुठं. मी म्हटलं, "अहो, मले दिसत नाही." माझा पाय ब्रेककडे जाऊन राहिला होता.

"मलेही नाही," हे म्हणाले. "डावा घे. घे. आता उजवा. अजून. सरळ."

अन् मी घेतलं, ताई. दोघांलेही दिसत नव्हतं, पण यांले रस्ता येत होता. आवाज तोच, ड्युटीवरचा, मी कित्येक वर्षं न ऐकलेला. ऊन बाजूले झालं तेव्हा समोर पांढरा पट्टा होता. तो पोट्टा झेंडी हातात सरळ धरून उभा होता, जरा म्हणून हलवत नव्हता. अगदी जवळ आल्यावर हे म्हणाले, "झेंडी स्थिर आहे. जाऊ दे." मी म्हटलं, "जाऊ दे," अन् पट्टा ओलांडून मंगच थांबली.

एकही कोन पडला नाही. नंबर विचारू नको. विचारणारच तू, तर शेवटून तिसरा. आमच्या मागं एक तो साडीवाला भैया अन् एक नवीन लग्न झालेला पोरगा, जो बायकोसोबत बसला होता अन् अर्ध्या रस्त्यात त्यांचं भांडण झालं. पिंकीनं पेढे आणले होते. यांनी एकच खाल्ला, साखर आहे ना. डबा मात्र पोरांनी संपवला, चटणी खाऊन डोळ्यांतून पाणी काढत. हे मधोमध बसून त्यांले घाटातली गाडी कशी उतरवायची ते सांगत होते. मी लांबून पाहत राहिली. मले जवळ जायचंच नव्हतं, माझ्या जाण्यानं बोलणं तुटलं तर?

परत निघालो तेव्हा मी मुद्दाम गाडी पुसत बसली. हे आले, पुढचा दरवाजा उघडला अन् बसले. पट्टाही स्वतःच लावला. मी फडकं ठेवून गाडी चालू केली.

नव्या रायपूरच्या रस्त्यावर सिग्नल लागला तसे हे म्हणाले, "हिरवा." मी म्हटलं, "हिरवा." पुढचाही हिरवा. दोघंही म्हणत म्हणत तेलीबांध्यापर्यंत आलो. तळ्याजवळच्या सिग्नलवर हे म्हणाले, "लाल." मी गाडी उभी केली. मले राहवलं नाही, विचारलं, "दिसला तुम्हाले?"

म्हणाले, "नाही. समोरची गाडी थांबली म्हणून म्हटलं." अन् मंग, "चुकलो असतो तर तू होतीच की."

डोळे काही बरे होणार नाहीत, ताई. डॉक्टरांनी सांगितलं आहे, आहे ते सांभाळा. ते मले माहीत आहे, यांलेही माहीत आहे. पण आज सकाळी उठल्यापासून हे माझ्या मागं लागले आहेत की पुढच्या रविवारी पोरं रस्ता बदलणार आहेत, तर आपण लवकर निघायचं. तिसऱ्या वळणावर मी गिअर चुकीचा टाकला, हे सकाळपासून चार वेळा ऐकवून झालं. मी कटकट नको म्हणते अन् मनात म्हणते, अजून म्हणा.

यशदीपले काल सांगितलं. तो आधी ओरडला, मंग म्हणे बाबांले फोन दे. मी स्वयंपाकघरात निघून गेली. दोघं किती वेळ बोलले ते मी पाहिलं नाही.

आता तूही सुनेले सांगून टाक, लपवायचं काही उरलं नाही. अन् उन्हाळ्याच्या आत तुम्ही दोघं या. मागची सीट तुमच्यासाठी रिकामी आहे.

हे पत्र यांले वाचायले दिलं आहे. डोळ्यांजवळ धरून हळूहळू वाचून राहिले. यावेळी यांचा जय भीम मी लिहिणार नाही, खाली जागा सोडली आहे. लिहिलं तर लिहिलं.

तुझी,
शांता


ताई, भाऊजी, जय भीम. वाचलं. गिअरचं खरं आहे.
बाकी ऑल राइट.
लहानू